फोन टॅपिंग : आदेश देणारे, तपासणारे आणि ज्यांना कधीच कळत नाही ते

१९६४ साली मुंबईच्या कोरोनरवर, म्हणजे आकस्मिक आणि संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप झाला. शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूची चौकशी त्या कोरोनरसमोर होती. लाचलुचपत प्रतिबंधक पोलिसांनी या प्रकरणाशी संबंधित असलेल्या दुसऱ्या एका डॉक्टरच्या संमतीने त्यांच्या टेलिफोनला टेप रेकॉर्डर जोडला, कोरोनरशी झालेले बोलणे मुद्रित केले आणि तेच मुद्रण न्यायालयात पुरावा म्हणून सादर केले. ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७२ मध्ये न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य ठरवला. त्या निकालातले एक विधान माझ्या मनातून जात नाही. निरपराध नागरिकाच्या टेलिफोनवरील संभाषणाला बेकायदा आणि अरेरावीच्या हस्तक्षेपापासून न्यायालये संरक्षण देतील, परंतु कायद्याची बूज राखण्यासाठी पोलीस जे प्रयत्न करतात त्यांच्यापासून अपराधी नागरिकाला हे संरक्षण मिळणार नाही, अशा आशयाचे ते विधान आहे.

वाचताना ते न्याय्य वाटते. पण फोन ऐकण्यास सुरुवात होते तेव्हा ऐकला जाणारा माणूस निरपराध आहे की अपराधी, हे ठरलेलेच नसते. ते ठरवण्यासाठीच तर ऐकायचे असते. म्हणजे संरक्षण कोणाला द्यायचे याचा निर्णय संरक्षण काढून घेतल्यानंतर होणार, आणि जो निरपराध ठरला त्याला आपले संरक्षण काही काळ काढून घेतले गेले होते हे कळणारही नाही. मलकानी प्रकरणात निदान संभाषणातील एका बाजूची संमती होती. दोन्ही बाजूंना काहीही ठाऊक नसताना तिसराच कोणी ऐकतो, तेव्हा हा प्रश्न फार मोठा होतो. आपल्या देशात खासगी संभाषण ऐकण्याच्या अधिकारावर मर्यादा नाहीत, असे मी म्हणत नाही. मर्यादा कागदावर आहेत आणि त्यांतल्या काही चांगल्याही आहेत. परंतु आदेश देणारी, तो अमलात आणणारी आणि तो योग्य होता की नाही हे तपासणारी अशी तिन्ही माणसे सरकारचीच आहेत आणि ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याला या संपूर्ण व्यवहारात कुठेही जागा नाही. माझा आक्षेप या रचनेला आहे.

या रचनेचे मूळ १८८५ च्या भारतीय तारायंत्र कायद्यात आहे. सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल तर तारेने जाणारा संदेश अडवण्याचा, रोखण्याचा किंवा उघड करण्याचा अधिकार त्या कायद्याच्या कलम ५ ने सरकारला दिला. राज्य इंग्रजांचे होते आणि तार ही राज्याच्या मालकीची वस्तू मानली जात होती. तेव्हा आपल्या तारेवरून कोण काय बोलतो हे पाहण्याचा अधिकार राज्याने स्वतःकडे ठेवावा यात त्या काळच्या दृष्टीने नवल नव्हते. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम २६ ने हीच सोय पत्रांच्या बाबतीत केली. पुण्या-मुंबईत प्लेगच्या काळातील असंतोष आणि टिळकांवरील राजद्रोहाचा खटला नुकताच होऊन गेला होता आणि राजद्रोहाचे कलमही त्याच वर्षी अधिक व्यापक करण्यात आले, हे लक्षात घेतले म्हणजे तो कायदा कोणत्या हवेत जन्मला हे समजते.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही कायदे तसेच राहिले, आणि कायदे राहिले तशा सवयीही राहिल्या. २०१५ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून असे उघड झाले की नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या कोलकात्यातील कुटुंबीयांची पत्रे केंद्रीय गुप्तचर विभाग १९४८ पासून पुढे सुमारे वीस वर्षे उघडून वाचत होता आणि त्यांच्या नकला करून ठेवत होता. देशासाठी सर्वस्व दिलेल्या माणसाच्या पुतण्यांची घरगुती पत्रे वाचताना कोणत्याही अधिकाऱ्याला आपण काही गैर करत आहोत असे वाटले नसावे. वर्षानुवर्षे चालत आलेले काम तो करत होता. मला या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब हीच वाटते. त्यात कोणा एका माणसाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. एकदा सुरू झालेली पाळत थांबवण्याची जबाबदारी कोणावरही नसेल तर ती आपोआप थांबत नाही, एवढे त्यातून दिसते.

टपालाच्या बाबतीत एकदा एक राष्ट्रपती आडवे आले होते. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले. पत्रे अडवण्याचे अधिकार त्यात अधिक व्यापक केले होते. ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर स्वाक्षरीच केली नाही. त्यांच्या पुढचे राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांनी १९९० मध्ये ते फेरविचारासाठी परत पाठवले आणि २००२ मध्ये सरकारने ते मागे घेतले. पुढे २०२३ मध्ये नवा टपाल कायदा आला. त्याच्या कलम ९ ने राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता इत्यादी कारणांसाठी टपालातील कोणतीही वस्तू अडवण्याचा, उघडण्याचा किंवा ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. या वेळी फारशी चर्चा झाली नाही. पत्रे लिहिणारी माणसे कमी झाली म्हणून असेल, किंवा आपण सगळेच या गोष्टीला सरावलो आहोत म्हणूनही असेल.

टेलिफोनकडे परत येतो. ऑगस्ट १९८८ मध्ये विरोधकांचे आणि स्वपक्षीयांचे फोन ऐकले गेल्याच्या आरोपावरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावे लागले. १९९० मध्ये चंद्रशेखर यांनी, ते पंतप्रधान होण्याच्या थोडे आधी, आपला आणि इतर अनेक राजकीय नेत्यांचा फोन टॅप होत असल्याचा आरोप केला. त्यावर केंद्रीय अन्वेषण विभागाने जो अहवाल तयार केला तो १९९१ मध्ये एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या आधारे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या अहवालातले तपशील निकालात उद्धृत केलेले आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. १३३ प्रकरणांत परवानगीची मुदत संपल्यावरही फोन ऐकणे चालूच होते, १११ प्रकरणांत १८० दिवसांची मर्यादा ओलांडूनही सरकारची परवानगी घेतलेली नव्हती, आणि नोंदी तर नीट ठेवलेल्याच नव्हत्या. कारस्थानापेक्षा निष्काळजीपणाच यात अधिक दिसतो, पण ज्याचे घरातले बोलणे मुदत संपल्यावरही ऐकले गेले त्याच्या दृष्टीने त्याने काहीच फरक पडत नाही.

१८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती सगीर अहमद यांनी त्या याचिकेचा निकाल दिला. टेलिफोनवरील संभाषण हा खासगीपणाचा भाग आहे आणि म्हणून ते राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ च्या कक्षेत येते, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. खिशात मोबाइल घेऊन फिरणाऱ्यांची संख्या वाढत चालल्याचा उल्लेखही त्या निकालात आहे. भारतात मोबाइल सेवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते, हे पाहिले म्हणजे न्यायमूर्तींच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या दोन्ही गोष्टी सामान्य माणसालाही दिसून येतील अशा असल्या पाहिजेत. फाइलीच्या आत लपलेली आणीबाणी ही आणीबाणी नव्हे, असा त्या विवेचनाचा गाभा होता. त्यापुढे न्यायालयाने कार्यपद्धती घालून दिली. आदेश केंद्राचा किंवा राज्याचा गृहसचिवच देईल, त्याची प्रत आठवड्याच्या आत आढावा समितीकडे जाईल, आदेश दोन महिन्यांनी संपेल आणि मुदतवाढ मिळाली तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे जाणार नाही, ऐकलेल्या मजकुराचा वापर आवश्यक तेवढाच होईल आणि गरज संपल्यावर तो नष्ट केला जाईल.

याचिकाकर्त्यांच्या वतीने राजिंदर सच्चर यांनी आणखी एक मागणी केली होती. फोन ऐकण्यापूर्वी न्यायाधीशाची परवानगी घेणे बंधनकारक करावे, ही ती मागणी. कायद्यात तशी तरतूद नसल्यामुळे ती आपण घालू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि इथेच, माझ्या समजुतीप्रमाणे, एक मोठी संधी हातून गेली. कारण त्यानंतर जे नियम झाले त्यांत आढावा समिती सरकारी सचिवांचीच राहिली. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून अन्य विभागाचा एक सचिव. हे सगळे अनुभवी, जबाबदार अधिकारी असतात यात शंका नाही. पण गृहसचिवाने दिलेला आदेश चुकीचा होता असे त्याच्याच बरोबरीच्या किंवा त्याच्याबरोबर रोज काम करणाऱ्या अधिकाऱ्याने म्हणावे, तेही बंद खोलीत, दुसरी बाजू मांडायला कोणीही हजर नसताना, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही.

शिवाय वेळेचा प्रश्न आहे. माहितीच्या अधिकारातून मिळालेल्या उत्तराचा हवाला देऊन न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या आपल्या अहवालात असे नमूद केले की एकटे केंद्र सरकार दर महिन्याला फोन ऐकण्याचे ७,५०० ते ९,००० आदेश काढते आणि दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. समितीने या कामाला अवास्तव म्हटले आहे. बैठक दिवसभर, दहा तास चालली असे धरले आणि पंधरा हजार आदेश पुढे ठेवले, तर एका आदेशाच्या वाट्याला अडीच सेकंदही येत नाहीत. एखाद्या माणसाचे दोन महिन्यांचे सगळे बोलणे ऐकणे योग्य होते का, याचा विचार अडीच सेकंदांत होत नाही. तेवढ्या वेळात त्याचे नावही वाचून होणार नाही.

इथे एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. आदेश एका क्रमांकासाठी निघतो, पण फोनवर नेहमी दोन माणसे असतात. ज्याचा क्रमांक टॅप होतो त्याच्याशी बोलणारी आई, बहीण, शेजारी, मुलाचे शिक्षक, डॉक्टर, वकील, उधारीवर माल देणारा दुकानदार, हे सगळे त्या आदेशात नसतानाही ऐकले जातात. लग्न जमवण्याच्या गोष्टी, भावकीतले जमिनीचे वाद, कोणाच्या तरी गर्भपाताची चर्चा, नोकरी गेल्याचे रडणे, हे सगळे कोणत्या तरी सर्व्हरवर साठते. ‘आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ असे माझ्या ओळखीतली वडीलधारी माणसे सहजपणे विचारतात, आणि ती प्रामाणिकपणेच विचारत असतात. त्यांना मी एवढेच विचारतो की तुमच्याशी विश्वासाने बोलणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या वतीने हे उत्तर द्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. अमेरिकेत १९६८ पासून फोन टॅपिंगचा जो कायदा आहे त्यात गुन्ह्याशी संबंध नसलेले संभाषण शक्य तितके कमी ऐकले जाईल अशी दक्षता घेण्याचे बंधन तपास अधिकाऱ्यांवर आहे. आदेश न्यायाधीशाने द्यावा लागतो, आणि ऐकणे संपल्यावर साधारणपणे ९० दिवसांच्या आत, आदेशात ज्याचे नाव होते त्याला तसे कळवावे लागते. योग्य कारण दाखवल्यास न्यायाधीश हे कळवणे पुढे ढकलू शकतो. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांनी परकीय हेरगिरीच्या नावाखाली काय केले हे जगाला ठाऊक आहे आणि त्या देशाला आदर्श मानण्याचे कारण नाही. पण गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकूनही नंतर संबंधिताला कळवता येते आणि त्याने तपास कोलमडत नाही, हे तिथल्या अर्धशतकाहून अधिक काळाच्या अनुभवावरून दिसते. आपल्याकडे मात्र ज्याच्याविरुद्ध खटला उभा राहतो त्यालाच, आरोपपत्राबरोबर संभाषणाचे उतारे हाती आल्यावर, हे कळते. ज्याच्याविरुद्ध काहीच सापडले नाही, म्हणजे मलकानी निकालाच्या भाषेत जो निरपराध आहे, त्याला आयुष्यभर काही कळत नाही. न्यायालयाने ज्याला संरक्षण द्यायचे ठरवले होते तोच न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचू शकत नाही.

आणि जो पोहोचतो त्याचे तरी काय होते? इथे आपला पुराव्याचा कायदा आडवा येतो. पुरावा कोणत्या मार्गाने मिळवला यापेक्षा तो प्रकरणाशी संबंधित आहे की नाही हे आपली न्यायालये पाहत आली आहेत. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात, २००५ च्या निकालात, फोन ऐकण्याचे आदेश देताना नियम पाळले गेले नसले तरी तेवढ्याने संभाषणाचा पुरावा बाद होत नाही, अशीच भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. त्या प्रकरणाचे गांभीर्य पाहता न्यायमूर्तींची अडचण समजू शकते. परंतु याचा सर्वसाधारण परिणाम असा झाला की १९९६ ची कार्यपद्धती मोडणाऱ्या अधिकाऱ्याला त्याची कसलीही किंमत मोजावी लागेना.

म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाचा २२ ऑक्टोबर २०१९ चा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक क्षेत्रातील बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप असलेल्या एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्यासाठी २००९ आणि २०१० मध्ये केंद्रीय गृह खात्याने तीन आदेश काढले होते. त्यांत कारण म्हणून सार्वजनिक सुरक्षिततेचा उल्लेख होता. न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाने साधा प्रश्न विचारला : या लाचेच्या प्रकरणात सार्वजनिक सुरक्षिततेला धोका नेमका कोणता होता? उत्तर मिळाले नाही तेव्हा खंडपीठाने तिन्ही आदेश रद्द केले आणि मुद्रित संभाषणे नष्ट करण्याचा आदेश दिला. या विचारामागे २४ ऑगस्ट २०१७ चा, खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असे एकमताने सांगणारा, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा पुट्टस्वामी निकाल होता. भ्रष्टाचार करणारा सुटला, अशी टीका तेव्हा झाली. मला ती पटत नाही. लाचखोरीचा तपास करण्याचे सापळ्यासारखे अनेक मार्ग पोलिसांकडे आहेत आणि ते रोज वापरलेही जातात. संसदेने फोन ऐकण्याची मुभा दोन विशिष्ट परिस्थितींतच दिली असेल तर तिसऱ्या परिस्थितीत ती वापरणे म्हणजे कायदा मोडून कायदा राबवणे आहे. २०२५ च्या जून-जुलैमध्ये या प्रश्नावर दोन उच्च न्यायालयांनी एकमेकांच्या विरुद्ध मते दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने भ्रष्टाचारासारखे आर्थिक गुन्हेही सार्वजनिक सुरक्षिततेत बसू शकतात असे मानले, तर मद्रास उच्च न्यायालयाने मुंबईच्याच वाटेने जाऊन गुन्ह्याच्या तपासासाठी चोरून ऐकण्याची मुभा या कलमात नाही असे म्हटले. या दोन मतांतून अखेरीस कोणते टिकते यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

दरम्यान कायदाही बदलला. २०२३ चा दूरसंचार कायदा आला, त्यातील कलम २० हे जून २०२४ मध्ये लागू झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याखालील नवे नियम आले. १३९ वर्षांनी नव्याने लिहिण्याची वेळ आली होती. तरीही कलम २० मध्ये जुन्या कलम ५ चाच सांगाडा आहे आणि आढावा समितीत आजही सचिवच बसतात. काही सुधारणा आहेत, त्या नाकारण्याचे कारण नाही. अपवादात्मक परिस्थितीत खालच्या अधिकाऱ्याने दिलेल्या आदेशाला ठरलेल्या मुदतीत वरिष्ठांची मंजुरी मिळाली नाही तर ऐकलेला मजकूर नष्ट करावा लागेल आणि तो पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे नव्या नियमांत आहे. बेकायदा संदेश अडवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा कायद्यात आहेत. इंटरनेटवरील संदेशांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ वेगळेच आहे आणि ते अधिक सैल आहे. तिथे आणीबाणीची किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची अट नाही आणि कोणत्याही गुन्ह्याचा तपास हे कारणही पुरेसे ठरते. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्र सरकारने दहा यंत्रणांना या कलमाखाली अधिकृत केले. त्यांत गुप्तचर विभागाबरोबर आयकराचे केंद्रीय मंडळही आहे.

संभाषण न ऐकताही माणूस उघडा पाडता येतो, हे ठाण्याच्या एका प्रकरणाने दाखवले. कोणी कोणाला, कधी, किती वेळ आणि कोणत्या टॉवरच्या परिसरातून फोन केला याची यादी, म्हणजे सीडीआर, बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी अनेक खासगी गुप्तहेरांना अटक केली. पोलीस तपासासाठी ही यादी मागवताना गृहसचिवाच्या आदेशाची गरज नसते. त्यामुळे तिच्याभोवतीचे कुंपण बरेच ठेंगणे आहे, आणि राज्यासाठी उघडलेल्या दारातून बाजारही आत शिरतो. व्हॉट्सॲपसारख्या सेवांचे संदेश मधल्या वाटेवर वाचता येत नाहीत म्हणून थेट फोनमध्येच शिरणारी हेरप्रणाली वापरल्याचे आरोप २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये झाले. पेगॅसस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले, त्यांपैकी पाचांत घातक प्रणाली सापडली, पण ती पेगॅससच होती असे निश्चितपणे सांगता आले नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीचे म्हणणे असल्याचे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या न्यायालयात सांगितले. माणसाच्या फोनमधील छायाचित्रे, टिपणे आणि मायक्रोफोनपर्यंत पोहोचणे ही गोष्ट तार अडवण्याच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. तिच्यासाठी वेगळा, स्पष्ट कायदा नसेल तर ती बेकायदाच मानली पाहिजे.

मी हे सगळे २६ नोव्हेंबर २००८ विसरून लिहिलेले नाही. त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधील दहशतवादी पाकिस्तानातील सूत्रधारांशी जे बोलत होते ते महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने ऐकले आणि मुद्रित केले. ओलिसांना मारण्याच्या सूचना त्यात आहेत. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या संभाषणांचे लांबलचक उतारे दिले आहेत, आणि ते वाचल्यावर कोणाचाही फोन कधीही ऐकू नये असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. सार्वजनिक आणीबाणी कशाला म्हणतात हे त्या तीन दिवसांनी दाखवले. तसे प्रसंग घडतात म्हणूनच हा अधिकार जपून ठेवायला हवा आणि महिन्याला हजारो आदेशांच्या रतिबाने तो स्वस्त करू नये.

महाराष्ट्राने या बाबतीत एकदा वेगळा विचार केला होता, हे फार कमी लोकांना माहीत आहे. १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, म्हणजे मोक्कामध्ये, फोन ऐकण्याची स्वतंत्र तरतूद आहे. जामीन आणि कबुलीजबाब यांच्या बाबतीत हा कायदा कठोर आहे आणि त्यावरील टीकेत पुष्कळ तथ्य आहे. पण टॅपिंगच्या बाबतीत तो केंद्राच्या कायद्याहून काटेकोर आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने लेखी अर्ज करायचा, तपासाचे इतर मार्ग वापरून पाहिले आणि ते निष्फळ का ठरले हे त्यात सांगायचे, आणि पुरावा वापरायचा असेल तर खटल्याच्या दहा दिवस आधी आदेशाची आणि अर्जाची प्रत आरोपीला द्यायची. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही कलमे राज्याच्या अधिकाराबाहेरची म्हणून रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २००८ रोजी, म्हणजे हल्ल्याच्या तीन महिने आधी, ती पुन्हा वैध ठरवली. पुढे आपल्याच राज्यात लोकप्रतिनिधींचे फोन भलत्याच नावांनी टॅप केल्याच्या आरोपावरून पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदवले गेले आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्या प्रकरणाच्या राजकीय बाजूत मी शिरत नाही. मात्र सर्वांत वरच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनाही आपला फोन ऐकला गेला होता का, हे सत्ताबदल झाल्यावरच विचारता येते, एवढे त्यावरून समजले. ज्याच्या हाती कधीच सत्ता येणार नाही त्याने ते कोणाला विचारावे?

मोक्काच्या कलम २७ मध्ये याचे निदान अर्धे उत्तर आहे. फोन ऐकण्यासाठी किती अर्ज आले, किती मंजूर आणि किती नामंजूर झाले, तातडीच्या नावाखाली किती वेळा आधीच ऐकले गेले, त्यांतल्या किती प्रकरणांना नंतर मान्यता मिळाली आणि किती ठिकाणी नाकारली गेली, त्यातून किती खटले उभे राहिले आणि किती जणांना शिक्षा झाली, याचा वार्षिक अहवाल राज्य सरकारने वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवावा, असे ते कलम सांगते. राज्याच्या सुरक्षिततेला बाधक ठरेल तेवढा भाग वगळण्याची मुभाही त्यात आहे. दूरसंचार कायद्याखालील आदेशांसाठी असे कोणतेही बंधन नाही. केंद्राकडे अशी आकडेवारी मागणारे माहिती अधिकाराचे अर्ज नाकारले गेले आहेत आणि त्यासाठी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे करण्यात आले आहे. संघटित गुन्हेगारांच्या टोळ्यांविरुद्धच्या कायद्यात जे आकडे जाहीर करणे महाराष्ट्राच्या विधिमंडळाला १९९९ मध्ये धोक्याचे वाटले नाही, ते सर्वसाधारण नागरिकांच्या बाबतीत जाहीर करणे धोक्याचे कसे ठरते, हा प्रश्न प्रत्येक आमदार पुढच्या अधिवेशनात विचारू शकतो. त्याबरोबर आणखी एक आकडा मागावा, असे मी माझ्या मतदारसंघाच्या आमदारांना लिहिले आहे : राज्याच्या आढावा समितीने गेल्या पाच वर्षांत गृहसचिवांचे किती आदेश चुकीचे ठरवून रद्द केले.